सिमेंटची भिंत

शेवट आधीच सांगतो. २ मे २००२, गुरुवार. सकाळी पावणेअकराच्या सुमारास कोलंबियातल्या बेयाविस्ता गावच्या चर्चवर, घरगुती गॅसच्या सिलिंडरपासून बनवलेला बॉम्ब पडला. आत ३०० हून अधिक माणसं होती. ७९ मेली. त्यांतली ४८ अठरा वर्षांच्या आतली.

घड्याळ मात्र बरंच आधी सुरू झालं होतं.

७ जानेवारी १९९९. सव्वातीन वर्षं आधी

सान विसेंते देल कागुआन. देशाच्या दक्षिणेकडचं हे गाव बेयाविस्तापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. राष्ट्राध्यक्ष आंद्रेस पास्त्राना मंडपात येऊन बसले. शेजारची प्लास्टिकची पांढरी खुर्ची रिकामी. ती फार्क या बंडखोर संघटनेचे म्होरके मानुएल मारुलांदा यांच्यासाठी होती. ते आले नाहीत. शांतता बोलणी तरीही सुरू झाली.

बोलण्यांसाठी सरकारनं पाच तालुक्यांतून सैन्य मागे घेतलं. क्षेत्रफळ ४२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक स्वित्झर्लंड. त्या हद्दीत युद्ध थांबलं. हद्दीबाहेर ते थांबवायचं असं कुठेच ठरलं नव्हतं. बेयाविस्ता हद्दीबाहेर होतं.

१९९९, आत्रातो नदी

बेयाविस्ता म्हणजे बोहाया तालुक्याचं मुख्य ठिकाण. वस्ती हजाराच्या आसपास. चोको प्रांतातलं हे जंगल जगातल्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांत मोडतं. रस्ता नाही, रस्ता म्हणजे आत्रातो नदी. बहुतेक लोक आफ्रिकी वंशाचे, गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. आतल्या उपनद्यांवर एम्बेरा आदिवासी. १९९३ च्या कायद्यानं या नदीकाठच्या लोकांना जमिनीवर सामूहिक हक्क मिळाला आणि १९९७ मध्ये सुमारे ७ लाख हेक्टर त्यांच्या नावावर झाली.

त्याच वर्षी नदीनं बंदूकवालेही आले. आपल्याकडे निमलष्करी म्हटलं की सीआरपीएफ डोळ्यांपुढे येतं. तिथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा: जमीनदारांच्या आणि अमली पदार्थवाल्यांच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या खासगी फौजा, ज्यांच्याकडे सरकारी सैन्यानं अनेकदा काणाडोळा केला. पुढे या मजकुरात त्यांना खासगी फौज असंच म्हणतो. ही फौज आली की होड्या अडवायची, वाणसामान मोजायची. गरजेपेक्षा जास्त तांदूळ सापडला तर तो बंडखोरांसाठी नेला जातोय, असं धरलं जायचं. बंडखोरांचा जोर असला की तपासणी तीच, संशय फक्त उलट. घरात माणसं किती आणि मीठ किती, याचा हिशेब देण्याची सवय नदीकाठाला लागली होती.

१९९९ मध्ये नदीकाठच्या गावांनी जाहीर निवेदन काढलं: कोणतीही बंदूक आमच्या वस्तीत नको. दोन्ही बाजूंना ते कळलं होतं.

१८ नोव्हेंबरला किब्दो शहराजवळ खासगी फौजेच्या होडीनं मदतकार्यावरून परतणाऱ्या एका होडीला धडक दिली. दोघे मेले: बेयाविस्ताचे पाद्री होर्हे लुईस मासो आणि स्पेनहून मदतीला आलेला कार्यकर्ता इन्यिगो एगिलुस.

२५ मार्च २०००. दोन वर्षं ३८ दिवस आधी

बेयाविस्ताच्या समोरच्या काठावर विहीया देल फुएर्ते. होडीनं काही मिनिटांचं अंतर. फार्कनं तिथल्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला, बेयाविस्तावरही. २१ पोलीस मारले गेले. हल्ल्यात सिलिंडर बॉम्ब वापरले होते.

सान विसेंतेमध्ये त्या दिवसांत बोलणी चालू होती.

यानंतर दोन्ही गावांत पोलीस पुन्हा नेमले गेले नाहीत. पुढची दोन वर्षं त्या पट्ट्यावर फार्कचं राज्य होतं. सरकारी गणवेशातला माणूस दिसत नसे. नकाशावर गाव कोलंबियातच होतं.

२० फेब्रुवारी २००२, सकाळ. ७१ दिवस आधी

नेइवाहून राजधानी बोगोताला निघालेलं प्रवासी विमान फार्कच्या माणसांनी पळवलं आणि एका महामार्गावर उतरवलं. प्रवाशांतल्या एकालाच त्यांनी सोबत नेलं: सिनेटर होर्हे एदुआर्दो हेचेम. ते सिनेटच्या शांतता समितीचे अध्यक्ष होते.

महिन्यापूर्वीच, २० जानेवारीला, दोन्ही बाजूंनी बोलण्यांच्या वेळापत्रकावर सह्या केल्या होत्या. सैन्यमुक्त क्षेत्राला १० एप्रिलपर्यंत मुदतवाढ मिळाली होती.

रात्री ९

पास्त्राना दूरचित्रवाणीवर आले. बोलणी संपली. सैन्यमुक्त क्षेत्र मध्यरात्रीपासून रद्द.

मध्यरात्र

वायुदलाचे हल्ले सुरू. मोहिमेचं नाव तानातोस, म्हणजे ग्रीक पुराणातली मृत्युदेवता. नाव कुणी सुचवलं कोण जाणे.

तीन दिवसांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार इंग्रिद बेतानकूर सान विसेंतेकडे जाताना रस्त्यातच पळवल्या गेल्या. जगाचं लक्ष तिकडे वळलं. आत्रातोकडे पाहण्याचं कुणाला कारण नव्हतं.

२१ एप्रिल, रविवार. ११ दिवस आधी

समुद्राच्या बाजूनं, तुर्बोहून, ७ होड्या निघाल्या. त्यांत खासगी फौजेची सुमारे २५० माणसं, म्हणजे होडीमागे पस्तीसेक. सगळी हत्यारबंद.

नदी एकच. तुर्बोच्या तोंडाशी नौदलाची चौकी होती. वर रियोसुसियोला पोलीस आणि सैन्य होतं. ज्या नदीवर तांदळाची पोतीही मोजली जायची, तिथे या सातांपैकी एकही होडी अडवली गेली नाही.

होड्या विहीया आणि बेयाविस्ताला लागल्या. माणसं उतरली आणि दोन्ही गावांत पसरली.

२३ एप्रिल, मंगळवार. ९ दिवस आधी

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांच्या बोगोता कार्यालयानं सरकारला लेखी कळवलं: खासगी फौज त्या भागात आली आहे, नागरिकांना धोका आहे, त्यांच्या संरक्षणासाठी पावलं उचला.

२४ एप्रिल, बुधवार. ८ दिवस आधी

देफेन्सोरिया हे कोलंबियाचं लोकरक्षक कार्यालय. सरकारच्याच पैशांवर चालणारं, पण सरकारला जाब विचारण्याचा अधिकार असलेलं. त्याच्याकडे धोक्याची आगाऊ सूचना देण्याची यंत्रणा होती. त्या दिवशी तिथून सूचना क्रमांक ४० निघाली. गावं कोणती, धोका कुणाकडून, काय होऊ शकतं हे सगळं त्यात होतं. किब्दोच्या धर्मप्रांतानंही आवाज उठवला.

म्हणजे आठ दिवस आधी राजधानीत कागद होता आणि कागदात गावाचं नाव होतं. सूचना अस्पष्ट होती, असं नंतर कुणालाही म्हणता आलं नाही.

सैन्य हललं नाही.

२५ ते ३० एप्रिल

गावकऱ्यांनी खासगी फौजेला गाव सोडायला सांगितलं. ती हलली नाही. फार्कची माणसं भोवतालच्या जंगलात आणि उपनद्यांवर जमत होती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता घरांविषयी सांगायला हवं. बेयाविस्तातली बहुतेक घरं लाकडी: फळ्यांच्या भिंती, खांबांवर उभी, कारण नदी वर्षातून कितीदा अंगणात येईल याचा नेम नाही. फळीतून गोळी आरपार जाते. सिमेंटच्या इमारती मोजक्या. चर्च, पाद्रींचं घर, ऑगस्टिनियन नन्सचं निवासस्थान.

गोळीबार झालाच तर कुठे पळायचं, याची चर्चा करावी लागली नसणार.

१ मे, बुधवार. सकाळी ६ च्या सुमारास. सुमारे २९ तास आधी

विहीयात गोळीबार सुरू झाला. फार्कनं हल्ला चढवला होता. थोड्याच वेळात समोरचा काठ त्यांच्या हातात गेला आणि खासगी फौज नदी ओलांडून बेयाविस्तात एकवटली. लढाई सोबतच आली.

सकाळ, दुपार

लोक घरांतून निघाले. कडेवर पोरं, हाताला म्हातारी माणसं. चर्चमध्ये ३०० हून जास्त. पाद्रींच्या घरात शंभरेक, नन्सच्या निवासात तितकेच. चर्च लहान होतं. बाकांवर, बाकांखाली, वेदीजवळ, जमेल तसे लोक बसले. पाद्री आन्तून रामोस त्यांच्यासोबत होते.

बाहेर खासगी फौजेनंही तोच हिशेब केला. आडोसा घ्यायचा तर सिमेंटचा. ते चर्चच्या आसपास, आरोग्य केंद्राजवळ, शाळेजवळ जागा धरून राहिले. आत नि:शस्त्र, बाहेर सशस्त्र, मध्ये एक भिंत.

लोक चर्चमध्ये आहेत हे फार्कला माहीत होतं का? गावात येऊन लढणाऱ्यांना गाव रिकामं दिसत होतं आणि माणसं कुठेतरी असणारच होती. या प्रश्नावर नंतर पुष्कळ शाई खर्च झाली.

संध्याकाळी ६ च्या सुमारास

गोळीबार मंदावला. अंधार पडला. कुणी घरी गेलं नाही. जाता येतं का, हे बाहेर डोकावून ठरवायचं होतं आणि डोकावणं हीच जोखीम होती.

रात्र

दाटीवाटीत झोप. मुलांना आत, मध्यभागी निजवलं होतं असं मी लिहू शकलो असतो. प्रत्येक आई तेच करेल. पण नोंद नाही, म्हणून लिहीत नाही.

२ मे, गुरुवार. पहाट. सुमारे सहा तास आधी

गोळीबार पुन्हा सुरू. फार्क आता गावाच्या एका टोकाला, पुएब्लो नुएवो या वस्तीत होती. नावाचा अर्थ नवी वाडी. तिथून चर्च सुमारे ४०० मीटर.

मधल्या पट्ट्यात सरळ चाल करून जाणं फार्कला जड जात होतं. समोरचे सिमेंटच्या आडून गोळ्या झाडत होते. तेव्हा वस्तीतल्या एका घराच्या सिमेंट केलेल्या अंगणात नळकांडं उभं केलं गेलं.

या शस्त्राविषयी थोडं. घरगुती गॅसची टाकी घ्यायची, तिच्यात स्फोटकं आणि लोखंडाचे तुकडे भरायचे. एका रुंद नळीत ती टाकी ठेवायची आणि खालून दुसऱ्या स्फोटानं ती उडवायची. स्वस्त, हातानं बनवता येण्याजोगं, पोलीस ठाणी जमीनदोस्त करायला फार्कनं वर्षानुवर्षं वापरलेलं. नेम लागत नाही. टाकी हवेत गोते खाते, वारा आणि नळीचा कोन ठरवील तिथे पडते. हे उडवणाऱ्यांना नीट माहीत असतं. विहीयात दोन वर्षांपूर्वी ते त्यांनी करून पाहिलं होतं.

सकाळी १० च्या पुढे

पहिलं सिलिंडर. चर्चपासून पन्नासेक मीटरवरच्या घरावर पडलं आणि फुटलं. चर्चमधल्यांनी तो आवाज ऐकला.

थोड्या वेळानं दुसरं. आरोग्य केंद्राच्या मागच्या बाजूला पडलं. फुटलं नाही.

पहिलं आणि दुसरं यांच्यामध्ये थांबायला वेळ होता. दुसरं आणि तिसरं यांच्यामध्येही. नेम किती चुकतोय हे तोवर दोनदा दिसलं होतं.

पावणेअकराच्या सुमारास

तिसरं चर्चचं छप्पर फोडून आत गेलं आणि वेदीपाशी फुटलं.

गोळी अडवायला म्हणून निवडलेल्या भिंतींनी स्फोट आतच कोंडला.

त्यानंतर

ज्यांना चालता येत होतं ते बाहेर पडले. पाद्री आणि काही जण पांढरी फडकी काठ्यांना बांधून पुढे निघाले. आपण सामान्य नागरिक आहोत, आमच्या जिवाचा मान राखा, असं ओरडत ते नदीकडे गेले. होड्यांत बसले. वल्ही पुरेशी नव्हती, म्हणून काहींनी हातांनी पाणी मागे ढकललं. समोर विहीया. गोळीबार चालूच होता.

ज्यांना चालता येत नव्हतं ते चर्चमध्ये राहिले.

३ मे आणि पुढे

काही जण मृतांसाठी परतले. वेदीवरचा ख्रिस्त सापडला. हात नाहीत, पाय नाहीत. मृतदेहांचे तुकडे गोळा करून घाईघाईनं एकाच खड्ड्यात पुरले. कोण कुठलं, हे लावता येण्यासारखं नव्हतं आणि लढाई थांबलेली नव्हती. त्या पट्ट्यात माणूस गेलं की नऊ रात्री गाणी म्हणायची रीत आहे. त्या वेळी ती झाली नाहीत.

पुढच्या दिवसांत तालुक्यातले हजारो लोक होड्यांनी किब्दोकडे निघून गेले.

७ मे, मंगळवार. ५ दिवसांनी

सैन्य बेयाविस्तात पोचलं. सूचना क्रमांक ४० निघाल्याला १३ दिवस झाले होते.

९ मे

राष्ट्राध्यक्ष पास्त्राना आले. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांचं पथकही. पथकानं तीन जबाबदाऱ्या वेगवेगळ्या लिहिल्या. सिलिंडर उडवल्याची फार्कची. नागरिकांचा आडोसा केल्याची खासगी फौजेची. आणि सांगूनही न आल्याची सरकारची. तिसरीवर सरकार नाराज झालं.

मृतांचा पहिला आकडा ११९ सांगितला गेला. कोलंबियाच्या ऐतिहासिक स्मृती गटानं २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तो ७९ झाला. त्या दिवसांच्या लढाईत आणि आगेमागे मारले गेलेले वेगळे. स्फोटातून वाचलेल्यांपैकी काही जण पुढच्या वर्षांत कर्करोगानं गेले. त्यांनाही अहवालानं यादीत घेतलं. ते बरोबर केलं, असं मला वाटतं.

२००७

वाचलेल्यांसाठी नदीच्या वरच्या अंगाला नवं बेयाविस्ता बांधलं गेलं. विटा-सिमेंटची घरं, रांगेत. जुन्या गावात चर्च राहिलं आणि भोवती जंगल वाढलं.

६ डिसेंबर २०१५

हवानामध्ये नव्यानं बोलणी चालू होती. या वेळी सैन्यमुक्त क्षेत्र नव्हतं. फार्कचे प्रतिनिधी जुन्या बेयाविस्तात आले आणि त्यांनी माफी मागितली. गावानं छायाचित्रकारांना लांब ठेवलं होतं.

२६ सप्टेंबर २०१६

कार्ताहेना शहरात शांतता करारावर सह्या झाल्या. पांढऱ्या पोशाखातल्या पाहुण्यांसमोर बोहाया तालुक्यातल्या पोगे गावच्या बायका गायल्या. मृतांसाठी गायच्या त्याच चालीवर.

२ ऑक्टोबर २०१६

करारावर सार्वमत. बोहायात सुमारे ९६ टक्के मतं 'हो' म्हणाली. देशानं ५०.२ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. करार दुरुस्त करून संसदेतून मंजूर करून घ्यावा लागला. शहरांतल्या ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांची कारणं होतीच, आणि सगळीच पोकळ नव्हती. पण नदी त्यांच्या दारातून वाहत नव्हती.

१८ नोव्हेंबर २०१९

खड्डा उकरून अवशेषांची ओळख पटवायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता. आता शंभराच्या आसपास शवपेट्या नव्या बेयाविस्तात दफन झाल्या. मुलांच्या पेट्या पांढऱ्या. १७ वर्षांपूर्वी राहिलेली गाणी त्या वेळी म्हटली गेली. पोगेच्या बायका होत्याच.

३१ डिसेंबर २०१९. ४३ दिवसांनी

चर्चशी संबंधित एका मानवी हक्क संघटनेनं सूचना दिली: बोहाया तालुक्यात सुमारे ३०० हत्यारबंद माणसं शिरली आहेत. या माणसांचा गट नवा. त्यांनी वेढलेल्या गावाचं नाव सूचनेत दिलं होतं. पोगे.